निवृत्त सैनिकांनी ट्रम्पना मत दिलं, यात नवल ते काय?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेतले बहुतेक राजकीय पंडित तोंडघशी पडले. हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त मिळूनही राष्ट्राध्यक्षपद डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेलं. तिथे निकाल राज्यवार निर्वाचकांच्या संख्येवर ठरतो, आणि मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतली ट्रम्प यांची आघाडी एकत्र केली तरी ती ७८ हजारांच्या आत भरते. इतक्या निसटत्या फरकाने एवढी उलथापालथ झाल्यावर ‘हे कुणी केलं?’ याची शोधाशोध होणारच. त्या शोधात एक आकडा अनेकांच्या जिव्हारी लागला. एक्झिट पोलप्रमाणे सैन्यात नोकरी केलेल्या मतदारांपैकी सुमारे ६० टक्के ट्रम्प यांच्या बाजूने गेले होते आणि साधारण ३४ टक्के क्लिंटन यांच्या.

तेव्हापासून सुरू झालेला वाद २०२० आणि २०२४ च्या निवडणुकांनंतरही त्याच दोन सुरांत आळवला गेला. एक बाजू कपाळावर हात मारून विचारते: ज्याने युद्धकैद्याची टर उडवली, धारातीर्थी पडलेल्या अधिकाऱ्याच्या आईला टोमणे मारले, त्याला सैनिकांनी मत दिलंच कसं? यांचा स्वाभिमान गेला कुठे? दुसरी बाजू छाती काढून सांगते: ज्यांनी देशासाठी गोळ्या झेलल्या त्यांनी कौल दिलाय, आता बाकीच्यांनी गप्प बसावं. वरवर पाहता या बाजू एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत, पण गृहीतक दोघींचं एकच. माजी सैनिक हा साध्या नागरिकापेक्षा वेगळा प्राणी असतो, आणि ग्रामदेवतेकडे कौल मागावा तसं त्याच्याकडे देशभक्तीचा निवाडा मागायचा असतो. मला हे गृहीतकच मान्य नाही. माजी सैनिक मत देतो ते आपलं वय, वर्ण, गाव, उत्पन्न आणि शेजारपाजार सोबत घेऊन. त्याच्या सैनिकी अनुभवाचा त्यात वाटा असेलच, तर तो मानापमानाचा कमी आणि ज्या युद्धावर त्याला धाडलं गेलं त्या युद्धाचा जास्त. त्या युद्धाचा जाब मात्र या वादात कुणीच कुणाला विचारत नाही.

पहिल्या बाजूचा राग पोकळ नाही, हे आधी कबूल करायला हवं. जुलै २०१५ मध्ये आयोवातल्या एका कार्यक्रमात ट्रम्प सिनेटर जॉन मॅकेन यांच्याबद्दल म्हणाले की ते काही युद्धवीर नाहीत, आपल्याला न पकडले गेलेले लोक आवडतात. मॅकेन यांचं विमान १९६७ मध्ये हनोईवर पाडलं गेलं. दोन्ही हात आणि एक पाय मोडलेल्या अवस्थेत ते पकडले गेले आणि पुढची साडेपाच वर्षं उत्तर व्हिएतनामच्या तुरुंगांत राहिले. वडील नौदलात ॲडमिरल म्हणून त्यांना लवकर सोडायची तयारी कैद करणाऱ्यांनी दाखवली, तेव्हा आधी पकडले गेलेले आधी सुटले पाहिजेत म्हणून त्यांनी ती नाकारली. त्याच व्हिएतनामच्या वर्षांत ट्रम्प यांना सक्तीच्या भरतीतून पाच वेळा सवलत मिळाली होती, चारदा शिक्षणासाठी आणि एकदा टाचेच्या वाढलेल्या हाडासाठी. पुढे जुलै २०१६ मध्ये खिज्र खान डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बोलले. त्यांचा मुलगा कॅप्टन हुमायून खान २००४ मध्ये इराकमध्ये बाकुबा इथे आत्मघाती गाडीबॉम्बमध्ये मारला गेला होता. आई गझाला शेजारी नि:शब्द उभ्या होत्या, आणि ट्रम्प यांनी नेमका त्यांच्या गप्प राहण्यावर शेरा मारला. थोड्याच दिवसांत एका माजी सैनिकाने त्यांना स्वतःचं पर्पल हार्ट देऊ केलं. जखमी झाल्याशिवाय हे पदक मिळत नाही. ते हातात घेऊन ट्रम्प म्हणाले की हे आपल्याला नेहमीच हवं होतं, आणि असं मिळणं फार सोपं!

हे सगळं नजरेखालून घातल्यावर ‘तरीही ६० टक्के?’ असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. पण मानापमान हेच मोजमाप असेल, तर आणखी एक आकडा समोर ठेवायला हवा. २००८ मध्ये खुद्द मॅकेन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. समोर होते गणवेश कधीही न घातलेले बराक ओबामा. त्या वर्षीच्या एक्झिट पोलमध्ये माजी सैनिकांपैकी साधारण ५४ टक्के मॅकेन यांच्याकडे आणि ४४ टक्के ओबामांकडे होते. म्हणजे हनोईच्या तुरुंगातून आलेल्या माणसाला माजी सैनिकांत जेवढी आघाडी मिळाली, त्याच्या दुपटीहून जास्त आघाडी त्याची टर उडवणाऱ्याला मिळाली. सैनिक सैनिकाच्या मानासाठी मत देतो, हा सिद्धांत मॅकेन यांच्याच निवडणुकीत टिकला नव्हता. मग २०१६ मध्ये तो मोडला म्हणून एवढा गहजब कशासाठी?

खरं तर त्याच्या कितीतरी आधी तो मोडीत निघाला होता. १९९२ मध्ये पॅसिफिकवर विमान पाडलं गेलेले थोरले बुश हरले ते व्हिएतनामची भरती टाळल्याचा आरोप असलेल्या बिल क्लिंटन यांच्याकडून. १९९६ मध्ये इटलीच्या आघाडीवर उजवा हात कायमचा निकामी झालेले बॉब डोल हरले, पुन्हा त्याच क्लिंटन यांच्याकडून. २००० मध्ये व्हिएतनामला जाऊन आलेले अल गोर हरले आणि टेक्सासच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे मायदेशातल्या राखीव दलात राहिलेले धाकटे बुश जिंकले. २००४ मध्ये तर तीन पर्पल हार्ट आणि सिल्व्हर स्टार मिळवलेल्या जॉन केरी यांच्या शौर्यावरच व्हिएतनामच्या काही माजी नौसैनिकांनी जाहिराती काढून चिखलफेक केली. तेव्हा चिखल उडवणारे रिपब्लिकन गोटाचे होते. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांच्या चोवीस वर्षांच्या नॅशनल गार्ड सेवेतल्या खाचाखोचा काढणारे ट्रम्प यांचे जोडीदार उमेदवार जे. डी. व्हान्स स्वतः मरीन दलात होते. सैनिकाचा मान पवित्र असतो हे दोन्ही पक्षांना आठवतं, पण तो सैनिक आपल्या तिकिटावर उभा असतो तेव्हाच.

आता ते ६० टक्के जरा उकलून पाहू. अमेरिकेतल्या माजी सैनिकांत दर दहांपैकी साधारण नऊ पुरुष आहेत. एकूण मतदारांपेक्षा ते वयाने मोठे आहेत आणि त्यांच्यात गोऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. त्याच २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये सैन्यात गेलेले असोत वा नसोत, सगळ्या गोऱ्या पुरुषांनी मिळून ट्रम्प यांना किती मतं दिली? सुमारे ६२ टक्के. म्हणजे ज्या आकड्याचं कोडं सोडवण्यासाठी सैनिकी मानसिकतेवर एवढी शाई खर्ची पडली, तो आकडा त्या वयाच्या, त्या वर्णाच्या, त्या गावांतल्या पुरुषांचाच आहे. नोकरीसाठी, कॉलेजच्या फीसाठी, बापाने केली म्हणून किंवा गावातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती म्हणून तरुण वयात काही वर्षं सैन्यात काढलेला माणूस चाळीस वर्षांनी ट्रक चालवतो, दुकान चालवतो, चर्चला जातो, टीव्हीवर शेजारी बघतात तेच चॅनल बघतो. त्याने शेजाऱ्यांसारखंच मत दिलं, तर त्याच्याकडेच खुलासा मागायचं कारण काय?

इथे कुणी म्हणेल, मग सैनिकी अनुभवाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो आपण शोधतो त्या जागी सापडत नाही. १३ फेब्रुवारी २०१६ ला साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल इथे रिपब्लिकन उमेदवारांची वादचर्चा झाली. या राज्यात मोठमोठे लष्करी तळ आहेत, माजी सैनिकांची दाट वस्ती आहे आणि बुश घराण्याला तिथे मान आहे. त्या व्यासपीठावर धाकट्या बुश यांचे भाऊ आणि स्वतःही उमेदवार असलेले जेब बुश यांच्या तोंडावर ट्रम्प म्हणाले की इराकचं युद्ध ही भलीमोठी चूक होती, आणि संहारक अस्त्रांबद्दल लोकांना खोटं सांगितलं गेलं. सभागृहातून हुर्यो उडाली. दुसऱ्या दिवशी जाणकारांनी लिहिलं की आता या राज्यात हा माणूस संपला. आठवड्याभरात, २० फेब्रुवारीला, ट्रम्प यांनी ते राज्य जिंकलं आणि जेब बुश त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. सैनिकांच्या राज्यात सैनिकांच्या युद्धाला चूक म्हणणारा हरायला हवा होता, हा हिशेब सैन्य लांबून पाहणाऱ्यांचा होता. तीन-तीन, चार-चार वेळा इराकमधल्या फालुजाला आणि अफगाणिस्तानातल्या कंदाहारला जाऊन आलेल्यांच्या घरांत ते वाक्य वेगळ्या कानांनी ऐकलं गेलं असणार.

हा निव्वळ माझा तर्क नाही. डग्लस क्रायनर आणि फ्रान्सिस शेन या दोन अभ्यासकांनी २०१७ मध्ये काउंटीवार (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आकडे मांडून दाखवलं की इराक आणि अफगाणिस्तानात ज्या भागांतली माणसं जास्त मारली गेली, ते भाग शिक्षण, उत्पन्न, वर्ण वगैरे बाबी वजा केल्यावरही ट्रम्प यांच्याकडे जास्त झुकले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियात मृत्यूंचं प्रमाण थोडं कमी असतं तर ही तिन्ही राज्यं क्लिंटन यांच्याकडे गेली असती, इथवर त्यांचं गणित जातं. यावर आक्षेप घेता येतो आणि तो रास्तही आहे: हे आकडे गावांचे आहेत, माणसांचे नाहीत, आणि एखाद्या काउंटीचा कल पाहून तिथल्या माजी सैनिकाच्या मनात काय होतं हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मान्य. पण त्याने मुद्दा पुसला जात नाही. २०१९ मध्ये प्यू संशोधन केंद्राने विचारलं, तेव्हा माजी सैनिकांपैकी ६४ टक्क्यांनी इराकचं युद्ध करण्याच्या लायकीचं नव्हतं असं सांगितलं, आणि अफगाणिस्तानबद्दल ५८ टक्क्यांनी. सामान्य नागरिकांचे आकडे जवळपास तेवढेच होते. युद्धात जाऊन आलेला म्हणजे युद्धखोर, हा समज एवढ्यावरूनच टाकून द्यायला हवा.

आणखी एक आक्षेप याहून जड आहे. ट्रम्प यांनी इराक युद्धाला सुरुवातीपासून विरोध केल्याचा दावा केला, तो खोटा होता. सप्टेंबर २००२ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात हल्ल्याला पाठिंबा आहे का असं विचारल्यावर त्यांनी चाचरत का होईना, हो म्हटलं होतं. मग सैनिक फसले का? थोडेफार फसले असतील. पण समोरचा पर्याय कोणता होता? हिलरी क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये त्या युद्धाच्या बाजूने प्रत्यक्ष मत दिलं होतं. पुढे लिबियातल्या हस्तक्षेपाचा आग्रह धरणाऱ्यांत त्या होत्या. एका बाजूला युद्धाला मत देऊन नंतर चूक झाली म्हणणारी उमेदवार, दुसऱ्या बाजूला मत देण्याच्या जागी कधी नसलेला आणि आता मोठ्याने चूक म्हणणारा उमेदवार. यातल्या दुसऱ्याकडे कुणी झुकला, तर त्याला मूर्ख म्हणता येईल का? मला स्वतःला तो निर्णय पटत नाही, पण तो समजतो. २००८ मध्ये युद्धाला आधीपासून विरोध केलेला ओबामांसारखा उमेदवार होता आणि त्याला ४४ टक्के माजी सैनिक मिळाले होते. आठ वर्षांत ही टक्केवारी दहाने घसरली याचं काही उत्तर डेमोक्रॅटिक पक्षाने स्वतःच्या घरात शोधायला हवं होतं. ते न शोधता त्यांनी मॅकेन आणि खान यांच्या अपमानाची ध्वनिचित्रफीत पुन्हा पुन्हा वाजवली.

सैनिकांनी अनपेक्षित निकाल लावायची ही काही पहिली वेळ नव्हती. १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये मतदान ५ जुलैला झालं, पण परदेशांत विखुरलेल्या सैनिकांची मतं गोळा व्हायला वेळ लागणार म्हणून मोजणी २६ जुलैला ठेवली गेली. हिटलरला हरवणाऱ्या चर्चिल यांचा हुजूर पक्ष त्या दिवशी भुईसपाट झाला. क्लेमंट ॲटली यांच्या मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. सैनिकांचा कल मोठ्या प्रमाणावर मजूर पक्षाकडे होता, असं बहुतेक इतिहासकार मानतात. तेव्हाही हुजूर पक्षातल्या काहींनी सैनिकांना कृतघ्न ठरवलं, काहींनी सैन्यातल्या चालू घडामोडींच्या शिकवण्यांना दोष दिला, म्हणजे यांना कुणीतरी फितवलं. साधी गोष्ट ही होती की बराकीतल्या माणसाला १९३० च्या दशकातली बेकारी आठवत होती आणि परत गेल्यावर घर, नोकरी, दवाखाना यांचं काय, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. चर्चिल यांना मान देऊनही त्यांना मत न देणं त्याला अवघड गेलं नाही. (त्याच ॲटलींच्या सरकारच्या काळात आपल्याकडून इंग्रज गेले, तेव्हा त्या ‘कृतघ्न’ मतांशी आपलाही थोडा संबंध लागतोच.) आज त्या निकालाला कुणी सैनिकांची घसरण म्हणत नाही, कारण त्यातून उभी राहिलेली आरोग्यसेवा आपल्याला आवडते. निकाल आवडला तर सैनिक सुज्ञ आणि नाही आवडला तर भरकटलेला, ही कसली कसोटी?

दुसऱ्या बाजूलाही इतिहास फारसा साथ देत नाही. ‘सैनिकांनी कौल दिलाय’ म्हणणाऱ्यांनी १९४८ कडे पाहावं. त्या वर्षी थॉमस ड्यूई जिंकणार हे इतकं गृहीत धरलेलं होतं की शिकागोच्या एका दैनिकाने तसा मथळा छापूनही टाकला, आणि जिंकले हॅरी ट्रुमन. त्या विजयामागे आयझॅक वुडर्ड या कृष्णवर्णीय सैनिकाची कहाणी आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये सैन्यातून मुक्त झाल्यावर काही तासांतच, अंगावर गणवेश असताना, साउथ कॅरोलायनात बसमधून उतरवून पोलिसांनी त्याला एवढं मारलं की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. हे ऐकून हादरलेल्या ट्रुमन यांनी नागरी हक्कांसाठी समिती नेमली आणि जुलै १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. उत्तरेकडच्या शहरांतल्या कृष्णवर्णीयांची मतं त्यांना तारून गेली. पण त्याच निवडणुकीत वर्णभेद टिकवण्याच्या जाहीरनाम्यावर चार राज्यं जिंकणारे साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड कोण होते? नॉर्मंडीच्या मोहिमेत ग्लायडरमधून उतरलेले सैनिक. महायुद्ध एकच, राज्य एकच, गणवेशही एकच. यातल्या कुणाच्या मताला आपण सैनिकांचा कौल म्हणणार?

जर्मनीचा दाखला तर याहून बोलका आहे. पहिल्या महायुद्धानंतर माग्देबुर्ग या एकाच शहरात माजी सैनिकांच्या दोन संघटना जन्मल्या: १९१८ च्या अखेरीस स्टालहेल्म, जिला प्रजासत्ताक नकोसं होतं, आणि १९२४ मध्ये राइखस्बानर, जी प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठीच निघाली आणि सभासदसंख्येत पहिलीला मागे टाकून गेली. १९२५ मध्ये ७७ वर्षांचे फील्ड मार्शल हिंडेनबुर्ग राष्ट्राध्यक्षपदी अनपेक्षितपणे निवडून आले, तेव्हा पहिल्या संघटनेने जल्लोष केला आणि दुसरी पराभूत उमेदवाराच्या मागे होती. सात वर्षांनी तेच हिंडेनबुर्ग हिटलरविरुद्ध उभे राहिले, तर पहिल्या फेरीत स्टालहेल्मने आपला वेगळा उमेदवार दिला आणि राइखस्बानरवाल्यांनी हिटलर नको म्हणून नाक मुठीत धरून म्हाताऱ्या मार्शलला मतं दिली. हे सगळेच त्याच खंदकांतून आलेले होते. अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर जमाव चालून गेला, त्यासाठी देशद्रोही कटाच्या आरोपाखाली पुढे दोषी ठरलेले स्टुअर्ट ऱ्होड्स हे माजी पॅराट्रूपर, आणि पायऱ्यांवर त्या जमावाचा मार खात उभे राहिलेले पोलिस सार्जंट अक्विलिनो गोनेल हे इराकला जाऊन आलेले माजी सैनिक. शपथ दोघांनीही संविधानाचीच घेतली होती.

शपथेचा मुद्दा निघालाच आहे, तर तो पहिल्या बाजूचा सर्वांत धारदार मुद्दा म्हणून नीट पाहायला हवा. सैनिक व्यक्तीशी इमान राखण्याची शपथ घेत नाही, संविधानाशी राखण्याची घेतो. मग संविधानाला जुमानत नाही अशा उमेदवाराला त्याने तरी मत देऊ नये, असा तो मुद्दा. यात तथ्य आहे, आणि २०२० च्या निकालानंतर जे घडलं ते पाहता ते वाढलंच आहे. पण कुणाला मत द्यायचं हे शपथेतून ठरवायला लागलो की ठरवणार कोण? दुसरी बाजूही उद्या त्याच शपथेवर बोट ठेवून सांगेल की खरा सैनिक डाव्यांना मत देऊच शकत नाही. शपथेचा जाब विचारायचाच असेल तर आधी तो सेनानींना विचारा. जुलै २०१६ मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकेल फ्लिन रिपब्लिकन व्यासपीठावरून हिलरी क्लिंटन यांना उद्देशून दिलेल्या ‘तिला तुरुंगात टाका’ या घोषणेत सूर मिसळत होते आणि दहा दिवसांनी निवृत्त जनरल जॉन ॲलन डेमोक्रॅटिक व्यासपीठावरून गर्जत होते. संयुक्त सेनाप्रमुख राहिलेले मार्टिन डेम्प्सी यांना अखेर वृत्तपत्राला पत्र लिहून सांगावं लागलं की सेनानींनी आपली पदवी पक्षांना उसनी देऊ नये. जॉर्ज मार्शल यांनी तर हयातभर मतदानच केलं नाही. चार तारे खांद्यावर मिरवत प्रचार करणारा जनरल आणि गुपचूप पडद्याआड जाऊन बटण दाबणारा निवृत्त हवालदार यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. जनरलांचं वजन तरी कितीसं असतं म्हणा! ज्यांचा मुलगा अफगाणिस्तानात मारला गेला, ते ट्रम्प यांचे माजी चीफ ऑफ स्टाफ जनरल जॉन केली यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना फॅसिस्टाची व्याख्या लागू पडते असं जाहीर सांगितलं. त्यानंतरच्या महिन्यात एक्झिट पोलमध्ये सुमारे ६५ टक्के माजी सैनिक ट्रम्प यांच्याच बाजूने दिसले.

आपल्याकडे हे वेगळं नाही. १५ सप्टेंबर २०१३ ला हरियाणातल्या रेवाडीत माजी सैनिकांची प्रचंड सभा झाली, पंतप्रधानपदाची उमेदवारी जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी नरेंद्र मोदी तिथे बोलले, आणि ‘एक पद, एक पेन्शन’ हा निवडणुकीचा विषय झाला. (ही मागणी मान्य करावी अशी शिफारस राज्यसभेच्या ज्या समितीने २०११ मध्ये केली होती, तिचे अध्यक्ष होते भगतसिंग कोश्यारी. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून ते आपल्याला वेगळ्याच कारणांनी आठवतात.) दोन वर्षांनी तेच माजी सैनिक जंतरमंतरवर उपोषणाला बसले, तेव्हा १४ ऑगस्ट २०१५ ला पोलिसांनी त्यांना तिथून हटवलं, छातीवरची पदकं आणि ओढाताण यांची छायाचित्रं देशाने पाहिली. सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली, तरी काही जण बसूनच राहिले. जे रेवाडीत देशाचा अभिमान होते, ते जंतरमंतरवर काहींच्या लेखी ‘राजकारण करणारे’ झाले. साताऱ्यात अपशिंग्याला किंवा कोल्हापूरकडे सैनिक टाकळीला घरटी सैनिक असतो, तिथलेही लोक ऊसदर, पाणी, जात, भावकी आणि पक्ष पाहूनच मत देतात, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही.

मग माजी सैनिक निव्वळ स्वतःच्या लाभासाठी मत देतात का? तेही नाही. २०१४ मध्ये फीनिक्समधल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात प्रतीक्षायाद्या लपवल्याचं उघड झालं, माजी सैनिक खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना जावं लागलं आणि खासगी डॉक्टरकडे जाण्याची मुभा देणारा कायदा झाला. तो घडवला मॅकेन आणि बर्नी सँडर्स यांनी, सही केली ओबामांनी, आणि श्रेय पुढची कित्येक वर्षं सभांमधून घेतलं ट्रम्प यांनी. २०२२ मध्ये उघड्यावरच्या कचराभट्ट्यांच्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांसाठीचं विधेयक सिनेटमध्ये रिपब्लिकनांनी अडवलं, तेव्हा माजी सैनिक संसदेच्या पायऱ्यांवर रात्रंदिवस बसून राहिले. सहा दिवसांत ते ८६ विरुद्ध ११ मतांनी संमत झालं आणि बायडन यांनी त्यावर सही केली. या लाभाचा मोबदला म्हणून मतं आली का? २०२४ चा आकडा वर दिलाच आहे. काबूलच्या विमानतळाबाहेर २६ ऑगस्ट २०२१ ला मारले गेलेले १३ अमेरिकी सैनिक बायडन यांच्या खात्यावर लिहिले गेले. अफगाणिस्तानातून माघारीचा करार त्याआधी दीड वर्ष ट्रम्प यांच्या सरकारने दोहामध्ये केला होता, हे विसरलं गेलं. मतदार असाच वागतो. त्याने कधीकाळी गणवेश घातला म्हणून तो जास्त हिशेबी किंवा जास्त उदात्त होत नाही.

१९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाल्यापासून अमेरिकेत एका वेळी जेमतेम अर्धा टक्का लोक सैन्यात असतात. बाकीच्यांना युद्धासाठी ना मुलगा द्यावा लागतो, ना वेगळा कर. विमानतळावर गणवेश दिसला की आभार मानायचे, एवढंच त्यांचं कर्तव्य उरलंय. १४ सप्टेंबर २००१ ला दहशतवाद्यांविरुद्ध बळ वापरण्याचा ठराव सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी संमत झाला. ते एकमेव विरोधी मत बार्बरा ली यांचं होतं. त्यांचे वडील सैन्यात लेफ्टनंट कर्नल होते. मुलीला मात्र देशद्रोही म्हणून शिव्या पडल्या आणि जिवाच्या धमक्यांमुळे पोलिस संरक्षण घ्यावं लागलं. वर्षभराने इराकच्या ठरावाला होय म्हणणाऱ्या ७७ सिनेटरांमध्ये मॅकेन होते, केरी होते, बायडन होते, क्लिंटन होत्या. त्यांच्यापैकी चौघांनाही त्यांच्या पक्षांनी पुढे देशाच्या सर्वोच्च पदासाठी उभं केलं आणि एक जण ते पद भूषवूनही गेला. त्या युद्धावर गेलेल्या माणसाकडे मात्र त्याने २०१६ मध्ये दिलेल्या एका मताचा खुलासा अजून मागितला जातोय.